खेळण्यातलं दप्तर

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात तान्हा पोळा भरतो. शहराच्या दक्षिण टोकाच्या बेसासारख्या भागात, जिथे एका पिढीपूर्वीपर्यंत खऱ्या बैलांच्या खुरांनी पांदणीची धूळ उडायची आणि आता फ्लॅट स्कीमच्या रांगा मिहान प्रकल्पाच्या दिशेनं सरकत चालल्या आहेत, तिथे बैल म्हटला की मुलांच्या डोळ्यांसमोर लाकडाचाच येतो. पायाखाली चाकं, शिंगांना बेगड, पाठीवर झूल, गळ्यात घुंगरं. त्याची दोरी धरून मूल दारोदार फिरतं आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैशांची भेट, घेऊन घरी परततं. नागपूरकर भोसल्यांच्या घरातून, दुसऱ्या रघूजींच्या काळापासून ही रीत आली असं मानतात. रीत कुणीही सुरू केलेली असो, तिच्यामागची समजूत जुनी आहे: खेळणं म्हणजे कामाची लहान प्रतिकृती. भातुकलीतली चूल, बोटाएवढं जातं, लाकडी बैल ही सगळी कामाची रूपं, फक्त काम वजा केलेली. भातुकलीच्या चुलीवर भात शिजावा अशी अपेक्षा कुणी करत नाही, आणि लाकडी बैलाला कुणी वखराला जुंपत नाही. पण काही वर्षांपासून टेबलांवर एक वस्तू दिसू लागली आहे, जिनं या समजुतीला उलटा वळसा दिला आहे. ती खेळण्यासाठीच घडवलेली आहे आणि तिला जुंपलं की ती खरोखर नांगरते.

ही वस्तू म्हणजे हातात धरून खेळायचं गेमिंग यंत्र. व्हॉल्व कंपनीचं स्टीम डेक २०२२च्या फेब्रुवारीत बाजारात आलं. सात इंची पडदा, दोन्ही बाजूंना काठ्या आणि बटणं, वजन ६६९ ग्रॅम. आत मात्र एएमडीचा चार गाभ्यांचा प्रोसेसर आणि १६ जीबी रॅम, म्हणजे बऱ्यापैकी लॅपटॉपचा ऐवज. आसूसचं आरओजी अ‍ॅलाय जुलै २०२३मध्ये भारतात ६९,९९० रुपयांना आलं. ते त्याहून हलकं, ६०८ ग्रॅमचं, आणि त्यात नेहमीचं विंडोज ११. या यंत्रांच्या कडेला टाइप-सी प्रकारचं एक छोटंसं भोक असतं. त्यातूनच वीज आत जाते, त्यातूनच चित्र बाहेर पडतं, त्यातूनच कीबोर्ड आणि माउस बोलतात. एक हब किंवा डॉक मध्ये घातला, त्याला मॉनिटर जोडला, की सात इंचांवरचं जग चोवीस इंचांवर पसरतं. स्टीम डेकमध्ये तर बंद करण्याच्या मेनूतच डेस्कटॉपवर जाण्याचा पर्याय दिलेला आहे. तो निवडला की खेळांची रंगीत भिंत मावळते आणि साधा लिनक्सचा डेस्कटॉप उगवतो. तिथे फायरफॉक्स चालतो, लिबरऑफिस चालतं, आणि कीबोर्डच्या सेटिंगमध्ये इनस्क्रिप्ट निवडून मराठीही लिहिता येतं. ज्याच्या घरात असं यंत्र आहे, त्याला कामासाठी दुसऱ्या संगणकाची गरज उरते का? माझं म्हणणं असं की सहसा उरत नाही. ती का उरत नाही हे पाहताना मात्र यंत्रापेक्षा आपल्याच मनातल्या एका भिंतीबद्दल जास्त बोलावं लागतं.

ही भिंत आहे खेळ आणि काम यांच्यामधली. आपण धरून चाललो आहोत की काम गंभीर, म्हणून कामाचं यंत्र दमदार. खेळ हलका, म्हणून खेळाचं यंत्र हलकं. वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. खेळ हा कामापेक्षा फार कठोर धनी आहे. सेकंदाला साठ चित्रं हवी असतील तर प्रत्येक चित्रासाठी जेमतेम सतरा मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात प्रकाश कुठून येतो, सावली कुठे पडते, गवत किती वाकलं, गोळी कुणाला लागली हा सगळा हिशेब संपवून तो पडद्यावर मांडायचा आणि लगेच पुढच्या चित्राला लागायचं. अर्ध्या सेकंदाचा उशीर झाला तर खेळ मोडतो. उलट पत्र लिहिणारा माणूस वाक्याच्या मध्यावर थांबून खिडकीबाहेर बघतो तेव्हा यंत्र त्याच्यासाठी बसून असतं. जमाखर्चाच्या तक्त्यातली बेरीज अर्ध्या सेकंदानं आली तरी कुणाचं काही अडत नाही. घरगुती संगणकावर होणारी बहुतेक कामं, म्हणजे अर्ज भरणं, मेल पाठवणं, अभ्यासाचे व्हिडिओ बघणं, प्रकल्पाचा अहवाल टाइप करणं, या यंत्राच्या ताकदीचा एक कोपराही वापरत नाहीत. जे खेळाला पुरतं ते कामाला उरतं.

आणि ही भिंत आजची नाही, तशी पक्कीही कधी नव्हती. १९७७च्या अ‍ॅपल टू संगणकात ६५०२ नावाची चिप होती. निन्टेन्डोनं जुलै १९८३मध्ये जपानात जो व्हिडिओ गेम आणला त्याच्या पोटात त्याच कुळातली चिप बसवलेली होती. एकाला जग संगणक म्हणालं, दुसऱ्याला खेळणं. गंमत अशी की निन्टेन्डोनं त्या खेळण्याचं नाव ठेवलं होतं फॅमिली कॉम्प्युटर. इंग्लंडात १९८२मध्ये आलेला सिंक्लेअरचा झेडएक्स स्पेक्ट्रम टीव्हीला जोडायचा आणि कॅसेटवरून चालवायचा. त्याची परवानाप्राप्त भारतीय आवृत्ती ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात पुण्याच्या डेसिबेल्स कंपनीनं डीबी स्पेक्ट्रम या नावानं काढली. अठ्ठेचाळीस केबी स्मृतीच्या त्या डब्यावर मुलं खेळली आणि त्याच डब्यावर बेसिक भाषेतला पहिला प्रोग्रामही लिहायला शिकली. नव्वदीनंतर बाजारात कीबोर्ड लावलेले व्हिडिओ गेम आले. दिसायला संगणक, आतून निन्टेन्डोच्या खेळाची नक्कल, सोबत टायपिंग आणि गणिताची एखादी कॅसेट. घरोघरी ते ‘अभ्यासासाठी’ म्हणून घेतले गेले. त्या शब्दाला कुणी फसवणूक म्हणेल, मला तो तसा वाटत नाही. प्लेपॉवर नावाच्या उपक्रमानं २००८च्या सुमारास याच स्वस्त कीबोर्ड-खेळांवर मुलांसाठी शैक्षणिक खेळ रचायचं ठरवलं, तेव्हा त्यांनी आई-वडिलांच्या त्या शब्दाला जणू जामीनच दिला. त्या काळी खेळण्याला संगणकाचा सदरा घालावा लागत होता. आता संगणकच खेळण्याच्या अंगरख्यात आला आहे.

मग खेळणं कुठे संपतं आणि संगणक कुठे सुरू होतो? याचं उत्तर ताकदीत नाही, किल्ली कुणाकडे आहे यात आहे. सोनीचं प्लेस्टेशन ३ जेव्हा २००६मध्ये आलं तेव्हा त्यावर लिनक्स टाकायची मुभा होती. अमेरिकेच्या हवाई दलाच्या संशोधन प्रयोगशाळेनं १,७६० प्लेस्टेशन एकमेकांना जोडून काँडर नावाचा महासंगणक उभा केला, तो २०१०मध्ये. त्याच वर्षीच्या १ एप्रिलला सोनीनं एका अपडेटनिशी लिनक्सची ती वाट बंद केली. तीच चिप, तोच डबा, पण आदल्या दिवशी संगणक असलेली वस्तू दुसऱ्या दिवशी खेळणं झाली. निन्टेन्डोचं स्विच २०१७पासून डॉकमध्ये बसतं आणि टीव्हीवर दिसतं, तरीही त्यावर ग्रामपंचायतीचा अर्ज टाइप करता येत नाही, कारण घराचा तो दरवाजा कंपनीनं ठेवलेलाच नाही. स्टीम डेकचं वेगळेपण इथे आहे. त्याच्या निर्मात्यांनी तो संगणक आहे असं पहिल्यापासून सांगितलं, त्यावर दुसरी कार्यप्रणाली टाकायला बंदी घातली नाही, आणि आतली साठवण बदलायची तर साध्या स्क्रूड्रायव्हरनं मागचं झाकण उघडतं. मालकाला आपल्या वस्तूत शिरता येणं ही मला फार मोठी गोष्ट वाटते. विळ्याला धार लावता यावी, सायकलचं पंक्चर काढता यावं, इतकी ती साधी आहे, आणि मोबाइलच्या काळात आपण ती जवळजवळ विसरलो आहोत.

मराठीत दप्तर हा एक विलक्षण शब्द आहे. सरकारी कचेरी म्हणजेही दप्तर आणि पोराच्या पाठीवरची शाळेची पिशवीही दप्तरच. जुन्या काळी कागद रुमालात बांधून ठेवत आणि ते रुमाल हेच दप्तर. पेशवे दप्तर म्हणतात ते अशाच असंख्य रुमालांचं. म्हणजे कचेरी ही मुळात बांधून उचलता येणारी गोष्ट होती. तिच्या जोडीला दुसरा शब्द आहे बैठक. बैठक म्हणजे बसायची खोली, बसायची रीत, आणि एखाद्या विचाराच्या किंवा गाण्याच्या मागचा भक्कम पाया. पेढीवरचा मुनीम गादीवर बसायचा, समोर उतरत्या झाकणाचं लाकडी डेस्क ओढून घ्यायचा. कागदपत्र डेस्कच्या पोटात, दौत शेजारी. ते डेस्क उचलून आतल्या खोलीत नेता येत होतं, पण जिथे ते मांडलं तिथे पेढी उभी राहत होती. आपण ज्याला डेस्कटॉप म्हणतो त्यानं दप्तर आणि बैठक यांची गाठ मारून टाकली. कागद, बुद्धी, पडदा, टेबल, कोपरा हे सगळं एकाच जागी खिळलं. इतकं, की पुढे आपल्याला डबा म्हणजेच संगणक वाटू लागला. वास्तविक कामाला शिस्त लावत होती ती बैठक: डोळ्यांच्या उंचीवरचा पडदा, मनगटाला टेकू, ताठ पाठ, आणि ‘आता मी बसलो आहे’ ही शरीरानं मनाला दिलेली सूचना. हातातलं यंत्र डॉकमध्ये बसतं तेव्हा तीच बैठक तयार होते. ते उचललं की दप्तर वेगळं होतं आणि पिशवीत जातं. तेव्हा हे यंत्र डेस्कटॉपची जागा घेतं असं म्हणण्यापेक्षा, डेस्कटॉपनं मारलेली ती गाठ सोडवतं, असं म्हणणं जास्त खरं आहे.

बेसातल्या घरांकडे पाहिलं की ही गाठ सुटण्याचं मोल कळतं. शहर दक्षिणेला पसरत मनीषनगर ओलांडून इथवर आलं. शेतांचे लेआउट झाले, लेआउटवर स्कीमा उठल्या, बेसा-पिपळा नगरपंचायत झाली. या स्कीमांतल्या वन बीएचकेच्या हॉलमध्ये दिवाण, टीव्ही, देव्हारा आणि जेवणाचं घडीचं टेबल एकमेकांना कोपरं लावून राहतात. त्यात संगणकाचं टेबल म्हणजे अडीच फुटांची कायमची जप्ती. जेवण झाल्यावर त्याच घडीच्या टेबलावर डॉक मांडावा, टीव्हीची वायर लावावी, दोन तास काम करावं आणि सगळं उचलून कपाटात ठेवावं. जागा परत घरची. आमच्या घरांची रीतही मुळात हीच होती: दिवसा बैठक, रात्री गाद्या. एकाच खोलीनं चार कामं करण्यात आपल्याला कधी कमीपणा वाटला नाही, मग एकाच यंत्रानं दोन करण्यात का वाटावा?

पहिला आक्षेप घरातली वडील माणसं घेतील, आणि तो दुर्लक्ष करण्यासारखा नाही. ज्याच्यावर खेळ आहे त्याच्यावर काम होईल कसं? मुलगा बसेल अभ्यासाला आणि उठेल खेळून. पण मोहाशिवायचा संगणक कधी होता? विंडोज ३.०मध्ये, १९९०पासून, पत्त्यांचा सॉलिटेअर होताच, आणि माउसनं पकडून ओढणं, सोडणं ही हातोटी कितीतरी कारकुनांच्या बोटांना त्या पत्त्यांनीच शिकवली. आज तर मोह खिशातल्या फोनमध्ये आहे, संगणकावरून खेळ काढून टाकल्यानं तो कुठेच जात नाही. स्टीम डेकमध्ये उलट एक उंबरठा आहे. खेळाची बाजू आणि डेस्कटॉपची बाजू वेगळ्या, एकीतून बाहेर पडल्याशिवाय दुसरीत जाता येत नाही, आणि त्या अदलाबदलीला काही क्षण लागतात. डॉकमध्ये बसलेल्या यंत्राची बटणं हातापासून दूर असतात, हे आणखी एक. बोटं कीबोर्डवर असली की मन पुष्कळदा बोटांच्या मागे येतं. विंडोजवाल्या यंत्रात हा उंबरठा नाही, तिथे बैठकीचाच आधार, हे कबूल करायला हवं.

नागपुरात राहणारा माणूस याहून वेगळा आक्षेप घेईल: उन्हाळा. २०१३च्या मे महिन्यात इथे पारा ४७.९ अंशांवर गेला होता. तो मोजणारी सोनेगावची वेधशाळा बेसापासून फार लांब नाही. २०२२च्या जुलैत युरोपात उष्णतेची लाट आली तेव्हा व्हॉल्वनं सांगितलं की त्यांचं यंत्र शून्य ते ३५ अंशांच्या हवेत उत्तम चालतं, त्यावर गेलं की स्वतःला जपण्यासाठी ते वेग कमी करू लागतं. युरोपची ती लाट म्हणजे आमची एप्रिलमधली दुपार. तेव्हा मे महिन्यातल्या दुपारी, कूलर बंद असलेल्या खोलीत, या यंत्रावर जड खेळ खेळू नये. त्यात यंत्राचं हित आहे आणि खेळणाऱ्याचंही. पण आपला प्रश्न कामाचा आहे आणि इथे पहिला मुद्दा परत मदतीला येतो. अर्ज टाइप करताना यंत्र आपल्या ताकदीच्या कोपऱ्यावरच चालतं, त्यामुळे तापतंही तेवढंच. स्टीम डेकच्या चिपची मर्यादा १५ वॉटची, चार्जर ४५ वॉटचा. वेगळं ग्राफिक्स कार्ड लावलेला डेस्कटॉप खेळताना शेकडो वॉट ओढतो आणि ती सगळी उष्णता त्याच खोलीत सोडतो, जी थंड करायला कूलर रात्रभर पाणी पितो. शिवाय वळवाच्या पावसात लाईट गेली की डेस्कटॉप अर्ध्या वाक्यावर विझतो. इथे मॉनिटर विझतो, वाक्य शाबूत राहतं, सात इंचांवर का होईना. सतत चार्जरला लावून ठेवलेली बॅटरी उन्हात लवकर म्हातारी होते हे मात्र खरं. त्यासाठी चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय या यंत्रांत आहे आणि नागपूरकरानं ती पहिल्याच दिवशी वापरावी.

सॉफ्टवेअरचा आक्षेप कोरडा पण वजनदार आहे. हिशेबाचं टॅली, छापखान्यातलं श्रीलिपी, डिजिटल सहीची यूएसबी टोकन हे सगळं विंडोज गृहीत धरून बनलेलं. ज्याचं पोट यावर चालतं त्यानं स्टीम डेकच्या लिनक्सवर भरवसा ठेवून बसू नये. त्यानं विंडोजवालं यंत्र घ्यावं, नाहीतर साधा संगणक. लिनक्सच्या त्या घराचा पायाही कंपनीनं कुलूपबंद ठेवलेला असतो. त्यात स्वतः काही बसवलं तर पुढच्या अपडेटमध्ये ते पुसलं जाऊ शकतं, म्हणून दुकानातून मिळणाऱ्या तयार अ‍ॅप्सवर भागवणं शहाणपणाचं. आणि किंमत? सत्तर हजारांत नागपूरच्या बर्डीच्या बाजारातून जुळवून आणलेला डेस्कटॉप ताकदीत पुढे असेल, यावर वाद नाही. केवळ कामासाठी हे यंत्र विकत घ्या असं मी कुणालाही सांगणार नाही. माझा मुद्दा त्या घरापुरता आहे जिथे ते खेळासाठी आधीच आलेलं आहे आणि तरीही ‘आता कामासाठी खरा कॉम्प्युटर घेऊ’ अशी चर्चा चालू आहे. तिथे खरा कॉम्प्युटर घरात आलेला आहे. मॉनिटर, कीबोर्ड, डॉक आणि एक बरी खुर्ची आणली की त्याला बैठक मिळते. त्यातही आधी खुर्ची आणावी, कारण सात इंचांवर मान वाकवून केलेलं काम मानेला विसरू देत नाही.

एका आक्षेपापुढे मात्र माझी मांडणी थोडी लटपटते. हॉलमधला डेस्कटॉप घराचा होता. त्यावर कव्हर घातलेलं असे, सकाळी आजोबा रेल्वेचं आरक्षण बघत, दुपारी आई पेन्शनचे कागद, संध्याकाळी मुलं. दप्तर बैठकीला बांधलेलं होतं म्हणून ते सगळ्यांचं होतं. हातात धरायचं यंत्र हाताचं असतं, म्हणजे एका माणसाचं. स्टीम डेकच्या डेस्कटॉपवर खातंही मुळात एकच असतं. ज्याचं आहे तो सुट्टी संपवून पुण्याला निघाला की टेबलावर मॉनिटर, कीबोर्ड आणि डॉकची रिकामी खाच उरते. बैठक आहे आणि दप्तर गेलेलं. गाठ सोडवल्याची ही किंमत आहे, आणि ती घरातल्या त्या माणसांना मोजावी लागते ज्यांनी खेळ कधी खेळलेलाच नाही. दुसऱ्या खात्याची सोय करता येते, कुणाचा तरी जुना लॅपटॉप डॉकला जोडता येतो, पण हे उपाय मुद्द्याला भिडत नाहीत.

खंडेनवमीला घरातली हत्यारं पुसून रांगेत मांडतात. विळी, पावशी, शिलाई मशीन, स्कूटरची किल्ली, कुठे हिशेबाची वही, आणि गेली कितीतरी वर्षं संगणकाचा कीबोर्ड. प्रत्येकाला हळदीकुंकवाचं बोट आणि झेंडूचं एक फूल. लाकडी बैल या रांगेत कधी आला नाही. त्याचा सण तान्हा पोळा, तो त्या दिवशी सजून पुन्हा शोकेसमध्ये जातो. हे नवं यंत्र त्या सकाळी कुठे असेल? कदाचित कुणी ते डॉकमधून काढून विळीशेजारी ठेवील आणि फूल कुठे टेकवावं म्हणून क्षणभर थांबेल, बटणांवर की पडद्यावर. कदाचित ते मुलाच्या हातातच असेल, आणि आई त्याला आतून हाक मारून सांगेल की दोन मिनिटं ते इकडे दे, पूजेला हवं आहे.